आधी जोता, मग पाढे

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या गावकऱ्यांचं दुखणं ऐकून चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला हसावं की रडावं ते कळणार नाही. तिथली गावं स्वस्त घरं बांधू द्यायला तयार नसतात. घर आलं की कुटुंब येतं, कुटुंबामागून पोरं येतात, पोरं शाळेत जातात आणि शाळेचा खर्च गावाच्या करातून जातो. म्हणून तिथल्या सरकारनं २००४ साली कायदा केला, की दाटीवाटीची, परवडणारी घरं होऊ द्या, आम्ही पैसे देतो. पुढच्याच वर्षी दुसरा केला, की त्या घरांपायी शाळेवर जादा बोजा पडलाच तर तोही भरून देतो.

म्हणजे तिकडे पोरं वाढतील म्हणून घरं नकोत आणि इकडे पोरं कमी पडली म्हणून शाळा नकोत. गुन्हेगार दोन्हीकडे पोरंच.

ही अक्कल मंत्रालयात पोचायला फार वेळ लागायचा नाही. कुणीतरी अभ्यासदौऱ्यावर जाईल, येताना पीपीटी आणेल आणि ‘शालेय अनुदान-घरकुल संलग्नीकरण’ अशा भारदस्त नावाचा शासन निर्णय निघेल. तो निघायच्या आत मसुदा आपणच करून ठेवलेला बरा. निदान त्यात भामरागड तालुका समुद्रकिनारी तरी दाखवला जाणार नाही.

मसुद्याची प्रस्तावना सोपी आहे, कारण ती आधीपासून लागूच आहे. शाळेचा पैसा पटावर चालतो. समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त अनुदान ३० पोरांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये मिळतं. खडू, झाडू, विजेचं बिल, फळ्याचा काळा रंग, सगळं त्यातच. शंभरापर्यंत पट असेल तर २५ हजार. जंगलातल्या एखाद्या टोल्यावर पट तिसाच्या वर न्यायचा तर गावाला दोन पिढ्या मनापासून काम करावं लागेल. मास्तरही पटावरच मंजूर होतात. २०२३च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तालयानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या ‘समूह शाळे’त नेण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा निघाल्या. आदर्श म्हणून पुण्याचं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ दाखवलं गेलं. इकडे पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड उरलेल्या जगापासून तुटतं. त्या दिवशी समूह शाळेची बस रजिस्टरात होडी म्हणून नोंदवता येईल.

आता पट म्हणजे काय? गावात चुली किती पेटतात, त्याचा हिशेब. दिवाळी होऊन धान निघाला, जानेवारी लागला, की इकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि पोरंही बरोबर नेतात. पोर्टलवर ती पोरं असतात, त्यांचं आधारही जुळलेलं असतं, फक्त चटईवर नसतात. यातला एखादा बाप मिरचीला का गेला हे विचारलं, तर अर्धं उत्तर घरकुलात सापडतं.

त्या घरकुलाचं असं आहे. पंतप्रधान आवासचं घर २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. मैदानी भागाला १ लाख २० हजार, गडचिरोलीला नक्षलग्रस्त म्हणून १ लाख ३० हजार. वर रोजगार हमीची ९०-९५ दिवसांची मजुरी, संडासाचे १२ हजार. माडिया आणि कोलाम या आदिम जमातींना २०२३च्या जनमन योजनेत २ लाख. २२ फेब्रुवारी २०२५ला पुण्यात एकाच दिवशी २० लाख घरकुलांची मंजुरीपत्रं वाटली गेली, त्यातल्या १० लाखांना पहिला हप्ताही सुटला. मग राज्यानं आणखी ५० हजार जाहीर केले. त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनलसाठी. छत येईल तेव्हा.

छत अडतं रेतीत. लाभार्थ्याला पाच ब्रास रेती मोफत, असा नियम आहे. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती एवढ्या नद्या उशाशी घेऊन झोपणाऱ्या दोन जिल्ह्यांत रेती विकत घ्यावी लागते, हा चमत्कार बघायला ताडोब्याचे पर्यटकही यायला हवेत. घाटाचा लिलाव झालेला नसतो, म्हणून दिवसा रेती निघत नाही. रात्री निघते, पण ती भलत्याच्याच अंगणात पडते. मग हप्त्याचे पैसे रेतीत जातात, सळाखीला उरत नाहीत, जोत्यावर गवत उगवतं, आणि घरधनी पोराबाळांसह मिरचीला जातो. इकडे गुर्जी हजेरीत त्या पोरांसमोर काय लिहावं या विचारात. तेव्हा घरकुलाचं आणि शाळेचं संलग्नीकरण कधीच झालेलं आहे. कुणी सही केलेली नाही, एवढंच.

आणि सहीचं म्हणाल तर एका ठिकाणी तीही झालेली आहे. ९ सप्टेंबर २०१९च्या शासन निर्णयानं ठरवलं, की शिक्षक मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहतात याला ग्रामसभेचा ठराव हवा. २०२२ साली गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत विचारलं, की गुर्जी अपडाऊन करतात तर घरभाडं कशाचं? प्रश्न बिनतोड होता. उत्तरादाखल राज्यभरच्या गुर्जींनी मोर्चे काढले, तेही जोरकस होते. या भांडणात कुणी हे विचारलंच नाही, की बाबा, ज्या गावात गावकऱ्यालाच राहायला धड घर नाही, तिथे गुर्जींनी भाड्यानं घ्यायचं कुणाचं?

ग्रामसभा मात्र हे विचारते. एटापल्लीकडची एखादी सभा डोळ्यांसमोर आणा. विषय क्रमांक चार, घरकुलांचा प्राधान्यक्रम. विषय क्रमांक पाच, गुर्जींचा रहिवास. पेसा कायद्यानं लाभार्थी निवडायचा हक्क इथल्या ग्रामसभेचाच, त्यामुळे सभा भरलेली असते. ग्रामसेवक (२०२४पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, काम तेच, पाटी नवी) वही उघडतात.

“गुर्जी, तुमी कोनाच्या घरी राहता थे लिवा लागते.”

“भाड्यानं राहतो, लिहा.”

“पन कोनाच्या?”

सगळे एकमेकांकडे बघतात. मागून एक म्हातारी उठते. “माया घरी राहते म्हून लिव. तेवढंच मायं घर कागदावर तरी दिसन.”

“आजी, तसं लिवलं तं तुयं घरकुल कटते. पक्कं घर हाये, भाडं येते, म्हनते वरचे.”

म्हातारी खाली बसते. गुर्जींचा ठराव पुढच्या सभेवर जातो. ज्या घरात गुर्जी राहू शकतील ते घर असलेला माणूस यादीत बसत नाही, आणि यादीत बसतो त्याच्या घरात गुर्जी राहू शकत नाहीत. इतकं सुबक संलग्नीकरण मॅसॅच्युसेट्सवाल्यांनाही जमलेलं नाही. विशेष म्हणजे हे करणारं खातं एकच आहे. घरकुलंही ग्रामविकास विभागाची, आणि जिल्हा परिषदेच्या गुर्जींच्या बदल्या आणि मुख्यालयही ग्रामविकासचंच. दोन फायली एकाच इमारतीत असतील. त्यांची एकमेकींशी ओळख करून द्यायला कुणाला सवड झालेली नाही.

म्हणून मसुद्यात पुढची कलमं. शाळेचं अनुदान यापुढे घरकुलाच्या टप्प्यांनुसार सुटेल. गावातले जोते पूर्ण झाले की खडू, भिंती चौकटीपर्यंत आल्या की फळ्याचा रंग, स्लॅब पडला की झाडू. प्रत्येक टप्प्याचा जिओटॅग केलेला फोटो गुर्जींनी काढायचा. नेटवर्क नसेल तर टेकडीवर चढायचं, आणि त्याला शारीरिक शिक्षणाचा तास समजायचं. चौथीच्या गणितात स्थानिक उदाहरणं येतील. एका लाभार्थ्याला पाच ब्रास रेती मंजूर आहे. ट्रॅक्टरमध्ये एक ब्रास मावते. घाटावरून पाच खेपा निघाल्या, तर लाभार्थ्याच्या अंगणात किती रेती पडेल? उत्तर शून्य, ट्रॅक्टर कुठं वळला ते सांगितल्यास दोन गुण जादा.

आपल्याकडे घर आणि शाळा जोडून बांधता येत नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. चंद्रपुरात वीज केंद्र आलं तसं ऊर्जानगर वसलं. कोळसा खाणींनी क्वार्टर बांधले, गडचांदूर-आवारपूरकडे सिमेंटवाल्यांनी वसाहती बांधल्या, आणि वसाहतींच्या आसपास शाळाही उभ्या राहिल्या. तिथे गुर्जी राहतात कुठं याचा ठराव कुणी घेत नाही. जमिनीखाली कोळसा किंवा चुनखडी सापडली, की जमिनीवरच्या माणसाला घर आणि त्याच्या पोराला शाळा द्यायचं लगेच सुचतं. टोल्याखाली काही सापडलेलं नसतं, हा टोल्याचा दोष. आणि काही सापडलंच, तर टोलाच हलवावा लागतो.

आदिवासी विकास विभागानं तर घर आणि शाळा कधीचीच एक केली आहेत. त्याला आश्रमशाळा म्हणतात. पोराचं घर शाळेत नेलं. गावात उरले आईबाप आणि विसाच्या खाली गेलेला पट. शबरी घरकुलही याच विभागाचं. म्हणजे बापाला घर मंजूर करायचं आणि पोराला त्या घरातून उचलायचं, ही दोन्ही कामं एकाच साहेबाच्या टेबलावर.

मसुद्यातलं शेवटचं कलम गुर्जींच्या घराचं. त्याला एकच बिनखर्ची उपाय होता. ज्याचं घर गावातच आहे आणि ज्याला पोरांची माडिया भाषा येते, असा डीएड झालेला गावचाच पोरगा नेमायचा. राज्यपालांच्या २०१४च्या अधिसूचनेनं पेसा क्षेत्रातल्या ठरावीक संवर्गांत, शिक्षकांसह, स्थानिक आदिवासी उमेदवारच घ्यायचे ठरलं. भरती कोर्टात अडकली. २०२४ साली मुलांनी आंदोलनं केल्यावर मानधनावर नेमणुका देऊ म्हणाले. मानधनात घरभाडं नाही, त्यामुळे बंबसाहेबांचाही प्रश्न मिटला.

पण हा पोरगा मुख्यालयी राहतो याला ठराव लागेल का? लागेल. नियम सगळ्यांना सारखा. जन्मापासून याच गावात राहतो याचा पुरावा म्हणून त्यानं घरासमोर उभं राहून काढलेला जिओटॅग फोटो जोडावा, अशी टिपणी पंचायत समितीतून येईल. फोटोत घर कुडाचं दिसेल. कुडाचं घर म्हणजे घर नाही, असं आवासच्या सर्वेक्षणात म्हटलेलं आहे. आणि घर नाही तर तो मुख्यालयी राहतो कसा, हा खुलासा शिक्षण विभाग घरकुल कक्षाकडे मागेल आणि घरकुल कक्ष ते पत्र आवश्यक कार्यवाहीसाठी गुर्जींकडेच पाठवेल.