पितळ उघडं

जुना ग्रामोफोन विकत घ्यायला गाणं कळावं लागत नाही आणि यंत्रही कळावं लागत नाही. खिशात पैसे आणि डोळ्यांत पाणी असलं की पुरतं. मुंबईच्या मटण स्ट्रीटवरच्या त्या दुकानदाराने आधी माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि मग किंमत सांगितली.

वस्तू होतीही तशी. आठकोनी शिसवी पेटी, तिच्यावर पाकळ्या-पाकळ्यांचा झळझळीत पितळी कर्णा आणि पुढच्या बाजूला कर्ण्याकडे कान लावून बसलेल्या कुत्र्याचा बिल्ला. "साहब, लाटसाब के बंगले का पीस है," दुकानदार हळू आवाजात म्हणाला. कुठल्या लाटसाहेबाच्या, हे मी विचारलं नाही. खानदानी माणसांच्या पडत्या काळाबद्दल असं भर रस्त्यात विचारू नये, एवढी रीत मला कळते.

कर्णा मांडीवर घेऊन मी बसने पुण्याला आलो. शेजारच्या गृहस्थांनी लोणावळ्यापर्यंत कळ काढली आणि मग विचारलं, "बँडवाले का?" घरी बायकोने मला एवढंच विचारलं, "अहो, हे पुसायचं कोणी?"

पहिल्या वादनाचा मान आत्याच्या माळ्यावर मिळालेल्या बालगंधर्वांच्या तबकडीला दिला. पद 'स्वयंवर'मधलं, म्हणजे 1916 सालच्या नाटकातलं. चावी दिली, पिन टेकवली, आणि खरखरीच्या पडद्याआडून साक्षात रुक्मिणी अवतरली. मी डोळे मिटले. पण आतली स्प्रिंग दमलेली होती. तबकडी मंदावत गेली तसा आवाज पायरी पायरीने खाली उतरला. पद सुरू केलं होतं रुक्मिणीने, संपवलं तिच्या वडिलांनी, भीमकराजाने.

मग पेठेतल्या एका जाणत्या संग्राहकांना बोलावलं. त्यांनी कर्ण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चार स्क्रू काढले, वरची फळी उचलली आणि आत डोकावून मिशीतल्या मिशीत हसले.

"कर्णा नवा. पेटी नवी. बिल्ला तर अगदीच ताजा."

"आणि आतलं?"

"आतली मोटर खरी आहे हो. एका पोर्टेबलचा जीव काढून ह्या सोंगात घातलाय."

मग त्यांनी मला शिकवणी दिली. खऱ्या जुन्या यंत्रांचे कर्णे बहुतेक रंगवलेल्या पत्र्याचे, क्वचित लाकडाचे. पुढे कर्णा पेटीच्या पोटातच गेला. एचएमव्हीचं 1931 साली आलेलं 102 नंबरचं पोर्टेबल मॉडेल तर झाकण लावलं की निव्वळ सुटकेस. वाजतं उत्तम, पण दिवाणखान्यात ठेवलं तर पाहुणे विचारतात, कुठे गावाला निघालात? म्हणून असली पोर्टेबलं फोडायची, मोटर काढायची, तिच्यावर नवा पितळी कर्णा चढवायचा आणि माझ्यासारख्याची वाट पाहत बसायचं, असा हा धंदा.

मी सहजासहजी हार मानणारा नाही. मी म्हणालो, "त्या कुत्र्याच्या चित्राचं तरी काय वेगळं आहे? फ्रान्सिस बरॉडने निपरला बसवलं होतं नळकांडीवाल्या फोनोग्राफपुढे. 1899 साली ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतलं ते फोनोग्राफवर रंग चढवून तिथे आपलं यंत्र काढायच्या अटीवर. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध ग्रामोफोनच्या पोटात दुसरंच यंत्र आहे! माझ्याच्या पोटात निदान ग्रामोफोन तरी आहे."

"ते चित्र वाजवायचं नव्हतं," ते म्हणाले आणि चहाला न थांबता गेले.

त्या रात्री मी ठरवलं, ह्या मोटरीला तिचं मूळ घर मिळवून द्यायचं. रिकामी पोर्टेबल पेटी शोधत पुन्हा मटण स्ट्रीट गाठला. पेटी मिळाली, आणि तीही त्याच दुकानात. "इसका मोटर कहाँ गया?" मी विचारलं. दुकानदाराने मला ओळखलं नसावं. "क्या बोलूँ साहब," तो म्हणाला, "कोई पूनावाला ले गया."

दुरुस्तीची पुस्तकं सांगतात, की स्प्रिंग तिच्या डबीतून काढताना जपावं. पोलादाची ती लांबलचक पट्टी एका वाटीएवढ्या डबीत गुंडाळून कोंबलेली असते आणि तिच्याभोवतीचं ग्राफाइटचं ग्रीस वाळून डांबर झालेलं असतं. मी बाल्कनीत बसून, जाड हातमोजे घालून, अतिशय जपून झाकण काढलं. स्प्रिंगने मात्र पुस्तक वाचलेलं नव्हतं. ती डबीतून सुटली ती थेट वाळत घातलेल्या धुण्यात शिरली. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या परीटघडीच्या साडीवर जी काळी नक्षी उमटली, तिचं वर्णन मी करत नाही. काकूंनी ते सोसायटीच्या सभेत सविस्तर केलं आहे.

मग गव्हर्नर. तीन पितळी वजनं गरगरतात, वेग वाढला की बाहेर फाकतात, सोबतची चकती सरकवून चामड्याच्या तुकड्यावर घासतात आणि वेग आवरतात. मी चामडं बदललं. आता तबकडी मिनिटाला 78 फेरे घेते का, हे पाहायचं होतं. रीत साधी आहे: तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवायची आणि तिचे फेरे मोजायचे. बायको घड्याळ घेऊन बसली, मी चिठ्ठीवर नजर रोवली. "अठ्ठ्याहत्तर!" मी विजयाने ओरडलो. "मिनिट केव्हाच झालं," ती म्हणाली, "पण तुम्ही इतके रंगला होतात, म्हटलं कशाला मोडा घाला."

शेवटी पेटीला झळाळी हवी म्हणून पॉलिशवाल्याला बोलावलं. माणूस कामसू. शेजारीच बालगंधर्वांची तबकडी उघडी पडली होती. तिच्यावरची धूळ पाहून त्याला राहवलं नाही आणि हातातल्या स्पिरिटच्या बोळ्याने त्याने तिलाही एक हात मारला. आता लाकडाचं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाख; आणि जुनी तबकडी म्हणजे दगडाची पूड घालून थापलेली तीच लाख. मी धावत येईपर्यंत एका बाजूचे खाचे मऊ होऊन एकमेकांत मिसळले होते. त्या बाजूला आता ना रुक्मिणी आहे, ना भीमक. पण चकाकी अशी, की दाढी करता यावी. "साहेब, ह्याचे वेगळे पैसे नकोत," तो म्हणाला.

दुसरी बाजू वाचली होती. तिच्या जोरावर मी पाहुण्यांना बोलावलं. आता हे यंत्र असं, की दहा इंची तबकडीची एक बाजू संपते तीन मिनिटांत. प्रत्येक बाजूला पोलादी पिन नवी लावायची, कारण तबकडीतली दगडाची पूड पिन झिजवते आणि झिजलेली पिन मग तबकडी खरवडते. शिवाय दर वेळी चावी. थोडक्यात, गाणं ऐकायला पाहुणे आणि मी गिरणीवर. तरी मी धीरगंभीर चेहऱ्याने 102 नंबरची कथा सुरू केली. ती रंगात आली असताना एका मेव्हण्याने बंद पेटीवर चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "ते सगळं ठीक, पण ग्रामोफोन कुठंय?"

ग्रामोफोन, म्हणजे पोट रिकामं झालेली आठकोनी पेटी आणि तिच्यावरचा कर्णा, बाल्कनीत पडून होता. गणपतीत मंडळाची मुलं सजावटीला तो मागून घेऊन गेली. देखावा होता संगीत रंगभूमीचा. पेटीच्या रिकाम्या पोटात मुलांनी एक ब्लूटूथ स्पीकर सरकवला आणि कर्ण्यातून दहाही दिवस नाट्यगीतं वाहू लागली. रांगेतली म्हातारी माणसं थबकायची. "काय आवाज आहे! त्या काळची यंत्रंच वेगळी," म्हणायची. पेठेतले ते संग्राहकही येऊन गेले म्हणे. कर्ण्यापुढे फोटो काढून गेले.

शेवटच्या आरतीला अध्यक्षांनी मला व्यासपीठावर बोलावलं. एवढं जुनं यंत्र इतकं स्वच्छ वाजतं, जराही खरखर नाही, याचं सारं श्रेय काकांच्या अथक दुरुस्तीला, असं ते माइकवरून म्हणाले. खाली बायको बसली होती. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती.

मी वाकून नमस्कार केला आणि शाल-नारळ घेतला.