आलं का?

घराला रंग काढायचं ठरलं, तेव्हा मी हळूच म्हणालो, "भिंती उकरतोच आहोत, तर एक केबल टाकून घेऊ." ते एक वाक्य मला अजून भोवतंय.

बेत साधा होता. समोर पडदा, त्याखालच्या कपाटात प्लेअर आणि ॲम्प्लिफायर, मागे छताला प्रोजेक्टर. मधली 15 मीटरची एचडीएमआय केबल भिंतीतून. इलेक्ट्रिशियनने झिरी मारली, गवंड्याने लिंपलं, रंगाऱ्याने दोन हात दिले. केबल चालते का, हे बघायचं मात्र कोणालाच सुचलं नाही. शेजाऱ्यांना बोलावलं, बटाटेवडे तळले, दिवे मालवले. पडद्यावर निळा उजेड आणि कोपऱ्यात दोन शब्द : नो सिग्नल. त्या उजेडात लाल चटणी आणि हिरवी चटणी सारखीच दिसते, एवढी भर शेजाऱ्यांच्या ज्ञानात पडली.

आप्पा मात्र खुलले. "मी गच्चीवर जाऊ का?" अँटेनाच्या दिवसांत आप्पा गच्चीवर, मी गॅलरीत आणि आई टीव्हीसमोर अशी आमची साखळी लागायची. "आलं का?" "आलं... आलं... गेलं!" पण तेव्हा मुंग्यांच्या पलीकडे बातम्या देणारी बाई निदान अंधूक तरी दिसायची. डिजिटल चित्र बहुधा आजारी पडतच नाही, थेट जातं.

मी वाचून वाचून शहाणा झालो. एचडीएमआयच्या तोंडात 19 पिना असतात आणि त्या नुसतं चित्र वाहत नाहीत. आधी प्रोजेक्टर आपली कुवत प्लेअरला कळवतो, मग एचडीसीपी नावाचा कुलूप-किल्लीचा व्यवहार होतो. यात कोणी रुसलं की चित्र नाही. मग सगळ्यांचे प्लग काढायचे, मिनिटभर थांबायचं, आणि आधी प्रोजेक्टर, मग ॲम्प्लिफायर, शेवटी प्लेअर असं एकेकाला उठवायचं. असा मानपान मी आठवडाभर केला. फोर-केवरून 1080वर उतरलो. दुकानदाराने सोन्याचा मुलामा दिलेली केबल दाखवली. सोन्याने प्लग गंजत नाही, चित्र उजळत नाही, हे तोवर मला कळलं होतं, म्हणून वाचलो.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, टीव्हीची ती छोटी केबल लावून बघा ना."

प्रोजेक्टरखाली स्टूल, स्टुलावर प्लेअर, मध्ये 2 मीटरची केबल. चित्र लख्ख! म्हणजे आरोपी भिंतीत होता. मी टॉर्च आणि आप्पांचं भिंग घेऊन शिडीवर चढलो. तांदळाच्या दाण्यावर गणपती कोरतात तेवढ्या अक्षरांत छताकडच्या प्लगवर 'सोर्स' लिहिलेलं होतं. कपाटामागे आडवा झालो, तिथे 'डिस्प्ले'. एवढ्या लांबीला साध्या तांब्याच्या केबलचा भरवसा नाही, म्हणून मी हौसेने ऑप्टिकल घेतली होती. तिच्या एका टोकाला विजेचा प्रकाश करणारी चिप असते, दुसऱ्या टोकाला प्रकाशाची पुन्हा वीज करणारी. ती एकाच दिशेने चालते. आमची उलटी निजली होती.

इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, वायरला कधी तोंड असतं का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरं, ओढून काढावी तर प्लग पाऊण इंची पाइपातून जात नव्हता, म्हणून त्याने पाइप चिरून तिच्याभोवती बसवला होता. वर गिलावा. आप्पांनी तोडगा सुचवला : प्लेअर छताला टांगायचा, प्रोजेक्टर कपाटात ठेवायचा आणि पडदा मागच्या भिंतीवर न्यायचा. तांत्रिकदृष्ट्या तो बिनचूक आहे, हेच मला जास्त लागलं.

भिंत पुन्हा फोडायला घरातून परवानगी नाही. त्यामुळे प्लेअर सध्या हॉलमध्ये स्टुलावरच असतो आणि आवाज प्रोजेक्टरच्या पोटातल्या पिटुकल्या स्पीकरमधून येतो. सिनेमा बघायला जरूर या. फक्त अंधारात उजव्या बाजूने या, डावीकडे स्टूल आहे.