परतीच्या बॅगा: नवशिक्या आईवडिलांसाठी

ही मार्गदर्शिका पहिल्यांदाच अमेरिकेत मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांसाठी आहे. सोयीसाठी असं धरू, की तुम्ही परंदवडीचे, मुलगा न्यू जर्सीत एडिसनला, तुम्ही एप्रिलच्या मध्याला गेलात आणि आता ऑक्टोबर उजाडलाय. इकडे मावळात इंद्रायणीचा दाणा भरत आलाय आणि तिकडे तुम्ही खिडकीतून लाल झालेली झाडं बघताय.

निघायचंच का, हा प्रश्न आधी निकालात काढा. गावाकडून फोनवर विचारणा होईल, "दहा वर्षांचा व्हिसा आहे ना, मग घाई कसली?" दहा वर्षं ही दार ठोठावण्याची मुदत असते. आत किती थांबायचं ते उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि भेटीला आलेल्या आईवडिलांना तो बहुधा सहा महिने देतो. हे फोनवर समजावत बसू नका. "भात कापायला आलंय" एवढं म्हणा. मावळात या कारणापुढे कोणी वाद घालत नाही.

शेवटचा आठवडा कॅलेंडर बघून ओळखायचा नसतो. मुलगा बेसमेंटमधून रिकाम्या बॅगा वर आणतो आणि सूनबाई हुकाचा वजनकाटा शोधायला लागते, तेव्हा तो सुरू झाला. इथून पुढे घरात कोणीही "तुम्ही जाणार" असं म्हणणार नाही. "ही बॅग साडेएकवीस झाली" असं म्हणतील. अर्थ तोच घ्यायचा.

बहुतेक तिकिटांवर माणशी दोन बॅगा आणि प्रत्येकी २३ किलो, म्हणजे ५० पाउंड, असा हिशेब असतो. तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते मुलाकडून दोनदा वाचून घ्या, कारण पहिल्यांदा तो न बघताच सांगतो. वजन करण्याची रीत अशी: बाबांनी हुक अडकवून बॅग उचलायची, आईंनी आकडा वाचायचा आणि नातवाने भलताच आकडा ओरडायचा. भाताचं पोतं नुसतं हलवून किलोचा अंदाज सांगणारा माणूस इथे चारशे ग्रॅमसाठी घामाघूम होतो. हुकाचा काटा सापडलाच नाही तर बाथरूममधल्या काट्यावर बॅग घेऊन उभं राहावं, मग बॅग ठेवून उभं राहावं आणि वजाबाकी करावी. यात धोका एकच. सहा महिन्यांत चीज खाऊन आपलं किती वाढलं ते सगळ्या घराला कळतं.

काहीही झालं तरी बॅग साडेबावीसला थांबवा. उरलेला अर्धा किलो तुमचा नाही. निघायच्या दिवशी सूनबाई त्यात काहीतरी कोंबणार असते आणि तो तिचा हक्क आहे.

खरेदी कॉस्टकोत होते. आधी बदाम. जगातल्या बदामाचा बहुतांश भाग एकट्या कॅलिफोर्नियात पिकतो आणि तिथल्या बदामाचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक भारत आहे. म्हणजे तुम्ही एडिसनहून उचलून नेणार तो आणि तळेगावच्या बाजारात सुटा मिळतो तो, बहुधा एकाच खोऱ्यातली भावकी. हे गुपित ठेवा आणि बदाम न्याच. तळेगावचा बदाम खायचा असतो, अमेरिकेचा हातावर ठेवायचा असतो. त्यानंतर चॉकलेटं. सोनेरी कागदातली व्याह्यांना आणि डॉक्टरांना, चांदीच्या कागदातली भावकीत, आणि मोठ्या पिशवीतली सुटी चॉकलेटं शाळकरी पोरांना व ऐनवेळी टपकणाऱ्यांना. यादीत नावं किती आहेत ते मोजा आणि त्याच्या दीडपट घ्या. गुडघ्याला चोळायचं मलम आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांचे डबे ज्यांनी सांगितलेत त्यांनाच. डॉलरचे रुपये करायची सवय एव्हाना सुटली असेल. नसेल, तर पैसे मुलगा देत असताना तोंडाने करू नका.

पीनट बटरबद्दल एक सूचना. आपल्या दृष्टीने ते शेंगदाण्याचं कूट, फार तर जरा सैल झालेलं. तिथल्या सुरक्षा तपासणीच्या दृष्टीने ते द्रव. १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बरणी हातातल्या पिशवीत असेल तर ती तिथेच राहते. याउलट पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातच ठेवायची. तर्क शोधू नका.

या आठवड्यात मुलगा रोज विचारेल, "अजून कुठे जायचंय का?" नायगारा झालेला आहे, पुतळा झालेला आहे, वॉशिंग्टनला पाय दुखले आहेत. "कुठे नको, घरीच बसू" हे उत्तर बरोबर. तरीही तो तुम्हाला ब्रिजवॉटरच्या बालाजीला नेईल. जा. परतताना गाडीत तो नोकरीबद्दल दोन गोष्टी सांगतो, ज्या सहा महिन्यांत सांगितलेल्या नसतात. त्या वेळी सल्ला देऊ नये. ही सगळ्यात अवघड पायरी आहे आणि वडिलांपैकी फार थोड्यांना ती पहिल्या खेपेत जमते.

आईंचं काम वेगळं आहे आणि मार्गदर्शिकेची खरी गरज तिथे आहे. एकीकडे बॅगा भरत असताना दुसरीकडे फ्रीजर भरायचा असतो. ओक ट्री रोडवरून कोथिंबिरीच्या जुड्या आणवा आणि वड्या उकडून, न तळता, पिशव्यांत भरा. वाटणाचे गोळे करा. पुरण शिजवून सपाट थापून गोठवा, म्हणजे लवकर सुटतं. भाजणी भाजायला काढाल तेव्हा धुराची घंटा वाजेल. मुलगा खुर्चीवर चढून टॉवेल हलवेल. त्याला हलवू द्या, तुम्ही झारा थांबवू नका. डब्यांवर सूनबाई इंग्रजीत नाव आणि तारीख चिकटवते. तिला तारीख लिहू द्या, नाव तुम्ही मराठीत लिहा, म्हणजे पुढे डबा बाहेर काढताना नातवाला वाचावं लागेल. "आई, कशाला एवढं करताय?" असं ती किमान तीनदा म्हणेल. "काही नाही गं, उरलं होतं म्हणून" हे उत्तर. चार किलो हरभराडाळ कुठून उरली, हे ती विचारत नाही. तीही याच खेळात आहे.

फ्रीजरला वजनाची मर्यादा नसते, हे लक्षात आलं की आई थांबत नाहीत. त्यांना थांबवायचा उपाय या मार्गदर्शिकेकडे नाही.

गावाकडचे फोन संध्याकाळी साडेआठनंतर करा. या दिवसांत न्यू जर्सी आणि परंदवडीत साडेनऊ तासांचं अंतर असतं, म्हणजे तिकडे सकाळचे सहा वाजून गेलेले असतात. किल्ली असलेल्या शेजाऱ्याला टाकी धुवायला सांगा, घर झाडायला सांगा आणि येण्याची तारीख मात्र फक्त गाडीवाल्याला सांगा. तो अपरात्री मुंबई विमानतळावर उभा राहील, द्रुतगती मार्गाने उर्से टोलनाक्याशी उतरवेल आणि सोमाटणे फाट्यावरून तुम्हाला घरी सोडेल. तारीख शेजाऱ्याला कळली तर गाडीत बसायला आणखी चौघं येतील आणि बॅगा तुमच्या मांडीवर.

विमानतळावर मुलाने व्हीलचेअर सांगून ठेवलेली असते. घोरावडेश्वराच्या पायऱ्या दरवर्षी महाशिवरात्रीला चढणाऱ्या बाईला तीत बसायची लाज वाटते. बसा. लांबच लांब रांग टळते आणि खुर्ची ढकलणारा मुलगा इंग्रजी निस्तरतो. मात्र बसल्यावर पायाने ताल धरू नका.

काउंटरवर एक बॅग २३.६ भरेल. घरी ती साडेबावीस होती. अर्धा किलो सूनबाईचा, उरलेल्याचा शोध घेऊ नये. तिथेच फरशीवर बॅग उघडायची, बाबांनी दोन स्वेटर अंगावर चढवायचे आणि बदामाची एक पिशवी आईंच्या पर्समध्ये जायची. आजूबाजूला आणखी दोन-तीन मराठी कुटुंबं हेच करत असतात, त्यामुळे संकोच नको. रडायचं असेल तर ते बॅगा आत गेल्यावर. आधी रडलात तर काट्याकडे कोण बघणार? बाबांनी या वेळी मुलाला परतीच्या रस्त्यावर ट्रॅफिक असेल का ते विचारावं, आणि उत्तर मिळालं तरी पुन्हा विचारावं.

घरी पोचल्यावर झोपायचं नाही. गाडीवाल्याने वाटेतच दोन फोन केलेले असतात. सकाळी सातला माणसं येऊ लागतात. बॅग सगळ्यांसमोर उघडू नका. आतल्या खोलीत उघडा आणि एकेक वस्तू बाहेर आणा. दीडपट घेतलेली चॉकलेटं तिसऱ्या दिवशी संपतील. मग येणाऱ्यांना सांगायचं, "एक बॅग मागून येतेय." हे दिवाळीपर्यंत खपतं.