हुक्कीबाईंस अनावृत पत्र

श्रीमती हुक्कीबाई,
सध्या मुक्काम महापे, एमआयडीसी, नवी मुंबई.

स. न. वि. वि.

आपला पत्ता काढायला फारशी यातायात पडली नाही. ठाणे-बेलापूर रस्ता सोडून महापेकडे वळावे, मिलेनियम बिझनेस पार्कातली कोणतीही इमारत धरावी, कोणताही मजला गाठावा. जेवणानंतरची सुस्ती आणि चारचा चहा यांच्या मध्ये आपण, म्हणजे कुठेतरी निघून जाण्याची हुक्की, हमखास सापडता. पडद्यावर एक्सेलचा तक्ता, त्याच्या आड लडाखचे निळे तळे आणि कानात 'ट्रॅव्हल' नावाची प्लेलिस्ट. पूर्वी लोक पंचांगात एकादशी शोधत. आपले भक्त पंधरा ऑगस्ट शुक्रवारी येतो का ते शोधतात. नोकरीचा अर्ज असो की लग्नाचा बायोडेटा, आवडीनिवडींच्या रकान्यात 'प्रवास आणि संगीत' ही जोडी लक्ष्मी-नारायणासारखी शेजारी शेजारी बसवली जाते, आणि वाचणारा मान डोलावतो, कारण त्याच्याही कागदावर तेच असते. इथवर तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण या जोडीचे श्रेय उपटता त्याबद्दल. माणसाला घराबाहेर आपण काढता आणि बाहेर पडल्यावर त्याला गाणे गोड लागते, असा आपला दावा दिसतो. माझे म्हणणे असे, की आपण ज्याच्या मानगुटीवर बसता त्याचा धड प्रवासही होत नाही आणि धड गाणेही ऐकून होत नाही.

आपण नेमक्या नवी मुंबईत बिऱ्हाड करावे, याची मोठी गंमत वाटते. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि त्यामागचा हिशोब साधा होता: कामधंदा इकडे आणावा, माणसे त्याच्या आसपास राहतील, मुंबईकडे धावणारा रोजचा लोंढा ओसरेल. म्हणजे प्रवास कमी व्हावा म्हणून आखलेले हे शहर. कामधंदा आला. माणसे मात्र डोंबिवली-कल्याणहून शिळफाट्याच्या रस्त्याने पारसिकचा डोंगर ओलांडून येतात, ठाण्याहून २००४ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोली-कोपरखैरण्याला उतरून शेअर रिक्षात चौथे होऊन येतात. रोज दोनदा डोंगर ओलांडणाऱ्याला शनिवारी पुन्हा डोंगरच का हवा, हा प्रश्न आपल्याला कोणी विचारत नाही. उत्तर अवघड नाही. रोजच्या येण्याजाण्यात जायचे कुठे, किती वाजता आणि कोणाच्या खांद्याला खांदा लावून, यातले काहीच त्याच्या हातात नसते. त्याची तक्रार खरे तर वेळेबद्दल असते. पण वेळेची तक्रार ऐकून घेणारी खिडकी कोणत्याच कार्यालयात नाही. तिकिटाची खिडकी मात्र मोबाइलवर चोवीस तास उघडी. तिथे आपण उभ्या असता.

या रोजच्या वाटेवर माणूस कानात गाणी का कोंबतो, हे मला समजते आणि ते मी सपशेल मान्य करतो. कंटेनरचे हॉर्न, रिक्षांची फडफड, शेजारच्याच्या मोबाइलवर मोठ्याने चाललेली रील, याविरुद्ध हेडफोन म्हणजे स्वसंरक्षण. १९७९ मध्ये वॉकमन बाजारात आला तेव्हापासून जगभरच्या शहरी माणसाने हा हक्क बजावला आहे; महापेकराला तो नाकारायचे कारण नाही. अडचण पुढची आहे. दिवसाचे दोन-तीन तास कान बंद ठेवण्याची जी तालीम शिळफाट्यावर होते, ती सुट्टीच्या दिवशी सुटत नाही. गाडी पनवेल सोडून कोकणाकडे लागते, काचा वर, एसी चालू, आणि तीच तीस-चाळीस गाणी त्याच क्रमाने. घणसोली फलाटावरची गर्दी ज्या गाण्याने सुसह्य केली, तेच गाणे स्पितीच्या दरीत वाजते. डोळे दोन हजार किलोमीटर जाऊन येतात, कान महापेतच राहतात. एखाद्या ठिकाणी आपण पोहोचलो की नाही, हे कळण्याचे कानाइतके प्रामाणिक साधन दुसरे नाही. फोटो तर न जाताही मिळतो. सिंधुदुर्गात हिवाळी जत्रांच्या दिवसांत देवळापुढे रात्रभर दशावतार चालतो. पखवाजावर थाप पडते, पेटी सूर धरते, आणि तिथून थोड्या अंतरावरच्या रिसॉर्टात आपले भक्त ब्लूटूथचा डबा लावून 'कोकणचा फील' घेत बसतात. फील कसला, बाई? आवाज तर पुन्हा महापेचाच.

आपले वकील इथे उभे राहतील आणि म्हणतील, गाण्यापायी घर सोडणाऱ्यांची या मातीत थोर परंपरा आहे. आहे ना, आणि तिचाच दाखला मला द्यायचा आहे. भीमसेन जोशी १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी घरातून पळाले. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्यांनी तबकडीवर ऐकली होती आणि तसे गायला शिकवणारा गुरू त्यांना हवा होता. विजापूर, पुणे, ग्वाल्हेर, कोलकाता, दिल्ली, रामपूर अशी त्यांची पायपीट झाली. शेवटी वडिलांनी जालंधरला गाठून परत आणले. १९३६ मध्ये ज्यांनी त्यांना शिष्य म्हणून पत्करले ते सवाई गंधर्व कुंदगोळचे, म्हणजे भीमसेनांच्या घरापासून, गदगहून, शंभर किलोमीटरच्या आतले, आणि ते शिष्य त्याच अब्दुल करीम खाँसाहेबांचे. 'बघा, घराजवळच होते की सगळे,' असा घरकोंबडा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझे जमत नाही. त्या वणवणीत मुलाने जे ऐकले ते घरी बसून कानावर पडले नसते. मुद्दा वेगळा आहे. त्या मुलाला आपली गरज पडली नाही, हुक्कीबाई. त्याला जायचे होते ते एका आवाजाकडे. संगीतशास्त्रकार भातखंड्यांचेही तेच. मुंबईतली वकिली बाजूला ठेवून ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दक्षिणेत गेले, उत्तरेत गेले, उस्तादांच्या आणि पंडितांच्या दारात बसले, बंदिशी टिपून आणल्या. रजा टाकून मन रमवायला ते गेले नव्हते.

यावर एक हरकत खरोखर जड आहे आणि ती टाळून चालणार नाही. भीमसेनांना घराबाहेर काढले ते तबकडीने, म्हणजे यंत्रातल्या गाण्यानेच. मग आजच्या पोराच्या कानातल्या यंत्राला नावे कशाला ठेवायची? शिवाय पुढे हेच भीमसेन मैफलींसाठी इतके उडत राहिले की पु. ल. देशपांडे त्यांना 'हवाईगंधर्व' म्हणत. हरकत मोठी, पण तिच्या पोटातच उत्तर आहे. त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत संपे. खाँसाहेबांचे गाणे तेवढ्यात मावत नव्हते, आणि ऐकणाऱ्यालाही ते कळत होते. यंत्राने चव दाखवली आणि हात आखडता घेतला. उरलेले हवे असेल तर उठून जाणे भाग होते. वाटेत कान मोकळे होते, कारण आवडते गाणे कानात वाजत नव्हते, डोक्यात होते. आज महापेच्या खुर्चीत बसून खाँसाहेबांची तबकडी, तिच्यापाठोपाठ त्यांच्या अख्ख्या घराण्याचे ध्वनिमुद्रण, आणि ते संपले की यंत्राने स्वतः सुचवलेले आणखी काहीतरी, असे सगळे अखंड मिळते. एकही गाणे अपुरे राहत नाही, म्हणून एकही गाणे कोणाला उठवत नाही. ओढ मात्र शरीरात उरतेच. तिला बिचारीला आता जायला जागा नाही. त्या बिनपत्त्याच्या ओढीचे नाव हुक्की. आपली जन्मकथा ही अशी आहे, आणि ती आपल्याला कोणी सांगितली नसावी.

आणखी एक हरकत सामान्य माणसाच्या बाजूने येते आणि तिच्यात थोडा राग असतो. नऊ तास ट्यूबलाइटखाली बसणाऱ्याने सुट्टीत काय ऐकावे हे सांगणारे तुम्ही कोण? प्रत्येकाने भीमसेन व्हायचे का? नाही, कोणीच व्हायचे नाही. विश्रांतीसाठी गोकर्णच्या वाळूत आडवे पडणाऱ्याशी माझे भांडण नाही. तो 'झोपायला चाललोय' असे म्हणतो आणि झोपतो. भांडण आहे ते परत येऊन सोमवारी 'गाण्यांनी ट्रिपला जान आली' असे जाहीर करणाऱ्याशी. गाणी त्याची सोबत करत होती हे खरे. तो गाण्यांची सोबत करत होता का, एवढेच विचारायचे आहे. गाणी वाजत ठेवून दुसरीकडे पाहत राहण्याचा आदर्श पाहायचा तर आपण आकाशाकडे बघावे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली गेली. तिच्यावर केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीतली बंदिश आहे, जाणाऱ्याला कुठे निघालास असे विचारणारी. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्रापलीकडे गेले, अजून जातेच आहे, आणि आत ऐकायला कोणीही नाही. इतक्या लांबचा प्रवास, इतके अस्सल गाणे आणि शून्य श्रोता. आपल्या संप्रदायाची ही परमावधी.

तेव्हा व्यवहाराचे बोलू. महापे सोडून जा असे मी म्हणत नाही. भाडेकरूला एकदम काढता येत नाही हे नवी मुंबईत कोणाला सांगायला नको. फक्त आपल्या नावावर निघणाऱ्या प्रत्येक सहलीच्या अर्जात एक रकाना असावा: 'तिथे काय ऐकणार?' उत्तर कोणतेही चालेल. मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला होणारे गाणे चालेल, डिसेंबरातला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव चालेल, ओढ्याचे पाणी चालेल, काहीच न ऐकणेही चालेल. रकाना कोरा असेल तर सहल रद्द, पैसे परत. आणि ज्यांची रजा मंजूर होत नाही त्यांच्यासाठी पर्याय फार लांबचा नाही. ज्या आगरी माणसांच्या जमिनींवर हा सगळा पट्टा उभा राहिला त्यांची गावठाणे बिझनेस पार्कपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांच्या लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते. डीजेपुढे तिचा आवाज आता दुर्मीळ होत चालला आहे, म्हणून मांडवाच्या दिवशी जरा लवकर गेलेले बरे. बोलावणे मात्र लागेल, आणि त्यासाठी आधी गावातल्या कोणाशी तरी बोलावे लागेल, जे कानात गाणी असताना जमत नाही.

कळावे. लोभ थोडा आवरता असावा, ही विनंती.

आपला,
एक महापेहितचिंतक

ता. क. : नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, तेव्हा आपण एव्हाना तिथेही एक शाखा काढली असेलच. पत्राचे उत्तर लेखी पाठवावे. व्हॉइस मेसेज पाठवू नये. तो आपलेच भक्त दुप्पट वेगाने ऐकतात.