आपत्ती बरोबर साडेपाचला

आपत्ती सांगून येत नाही, हे आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला मान्य नाही. आमच्याकडे ती रविवारी सायंकाळी ठीक साडेपाचला, माननीय प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते येणार होती. तसा फ्लेक्सच लागला होता: 'भव्य आपत्कालीन सराव'. त्यावर पाहुण्यांचा फोटो मोठा, अध्यक्षांचा मध्यम आणि रुग्णवाहिकेचा पोस्टाच्या तिकिटाएवढा.

आमचं क्रीडा मंडळ पुण्यातल्या एका पेठेत आहे. मैदान एकच. त्यावर पहाटे ज्येष्ठांचा हास्यक्लब, संध्याकाळी खो-खो, कबड्डी आणि मल्लखांब. इथे कुणी कोसळलं तर काय करायचं, याबद्दलचं आमचं आजवरचं धोरण 'वारा घाला आणि कांदा हुंगवा' एवढंच. ते बदलायची वेळ आली ती एका फुटबॉलवेड्या सभासदामुळे. त्याने वार्षिक सभेत ख्रिश्चन एरिक्सनची चित्रफीत दाखवली. 12 जून 2021, कोपनहेगन, डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. पूर्वार्ध संपत आलेला आणि एरिक्सन एकदम कोसळतो. हृदय बंद. वैद्यकीय पथक मैदानावरच छातीवर दाब देतं, यंत्राने विजेचा झटका देतं आणि माणूस परत येतो. पुढच्या फेब्रुवारीत तो पुन्हा सामना खेळला. सभा हेलावली. खजिनदारांनी यंत्राचा भाव विचारला. मग यंत्र पुढच्या सभेवर गेलं आणि सराव, फुकट असल्याने, एकमताने मंजूर झाला. मी त्या सभेला नव्हतो. साहजिकच संयोजक मी.

नियोजनात पहिला पेच पडला रुग्णाचा. ज्येष्ठांपैकी कुणीही तयार होईना. "भरल्या संध्याकाळी असलं सोंग नको," असं हास्यक्लबने हसत हसत कळवलं. कबड्डीवाले म्हणाले, आम्ही पडलो तर ते खरंच पडलोय असं कुणाला वाटणार नाही. शेवटी चौदा वर्षांखालच्या खो-खो संघातल्या एका मुलाने ही भूमिका मागून घेतली. जिवंत, धडधाकट माणसाच्या छातीवर सरावासाठी दाब देत नाहीत, म्हणून त्या कामाला कार्यालयातला लोड नेमला. खऱ्या 108ला उगाच त्रास नको, म्हणून 108 झाल्या कार्यालयात फोनपाशी बसलेल्या एक निवृत्त शिक्षिका.

रविवार उजाडला. प्रास्ताविक, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय. हृदय बंद पडल्यावर कुणी काहीच केलं नाही, तर झटका मिळायला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. या हिशेबाने आमचा रुग्ण प्रास्ताविकातच गेला होता.

शिट्टी वाजली, पोरगा झोकात पडला. क्षणात सगळं मंडळ त्याच्याभोवती. डेन्मार्कच्या खेळाडूंनीही एरिक्सनभोवती कडं केलं होतं, पण त्यांची तोंडं बाहेर होती, त्याला कुणी बघू नये म्हणून. आमची सगळी आत होती आणि हातात मोबाइल. अध्यक्ष ओरडले, "अरे, कुणीतरी फोन करा!" चिटणीस ओरडले, "कुणीतरी पेटी आणा!" कार्याध्यक्षांनी "कुणीतरी गर्दी हटवा" असं सांगून गर्दीत आणखी एकाची भर घातली. हा कुणीतरी आमच्या मंडळाचा सर्वांत जुना सभासद. वर्गणी भरत नाही, पण सगळी कामं त्याच्याच नावावर असतात.

अखेर एकाने फोन लावला. बाईंनी पत्ता विचारला. "मारुतीच्या देवळामागे." पुण्यात! बाई शांतपणे म्हणाल्या, "जिलब्या, पत्र्या की सोन्या?" यावर मैदानात मतभेद झाले.

प्रथमोपचाराची पेटी सापडली. आत रबरी शिक्के, दोन शिट्ट्या आणि बुरशी आलेला कापूस. रुग्णवाहिकेच्या वाटेवर पाहुण्यांची गाडी उभी. मागच्या फाटकाला कुलूप आणि किल्ली आमच्या उपाध्यक्षांकडे, जे कधीच कोथरूडला राहायला गेलेत. लोडाची अवस्था मात्र चांगली होती. छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रत्येक निदान पाच सेंटिमीटर खोल, हे सगळ्यांना पाठ होतं. ताल राहावा म्हणून लेझीमवाल्यांनी हलगी धरली. हलगी रंगात आली, लय चढली, दीडशेच्या पुढे गेली आणि लोडाची शिवण उसवली. तेवढ्यात चहा आल्याची वर्दी आली आणि रुग्ण उठून बसला.

आढाव्याच्या बैठकीत सराव 'अत्यंत यशस्वी' ठरला. ठरावाची शाई वाळायच्या आत खो-खोच्या प्रशिक्षक ताई उभ्या राहिल्या. त्या एरवी बोलत नाहीत, शिट्टीच वाजवतात. म्हणाल्या, "खो देताना आम्ही 'कुणीतरी उठा' म्हणतो का? पाठीला हात लागतो, खो ऐकू येतो आणि तो एकच खेळाडू उठून पळतो. बाकीचे बसून राहतात, तेही नियमाने." मग त्यांनी सांगितलं, बोट दाखवायचं आणि बोलायचं: निळा शर्ट, तुम्ही 108 लावा. तू फाटक उघड. तू गल्लीच्या तोंडाशी उभी राहा. एवढं व्यवहारी भाषण आमच्या कार्यालयात प्रथमच झालं. अध्यक्षांनी आभार मानताना 'कुणीतरी हे लिहून घ्या' असं म्हटलंच.

दुसरा सराव ताईंनी कुणाला न सांगता घेतला. साधा मंगळवार, पाहुणे नाहीत, नारळ नाही. एका मुलीच्या कानात त्या काही बोलल्या, मुलगी आडवी झाली आणि दुसरीने भराभर बोटं दाखवत खो वाटले. एकीने पूर्ण पत्ता सांगितला, मारुतीच्या नावासकट. किल्ली आता फाटकाशेजारच्या खिळ्यालाच असते, ती तिथे सापडली. नवा लोड वेळेत दाबला गेला. आम्हा पदाधिकाऱ्यांना एकच काम मिळालं, वाटेतल्या आपापल्या स्कूटर हलवायचं. तेही अकरा वर्षांच्या पोरीने बोट दाखवून सांगितलं. कार्याध्यक्षांना ते जरा लागलं, पण स्कूटर हलली.

आता पुढचा सराव कधी, हे फक्त ताईंना ठाऊक. आमच्याकडे यायचं असेल तर कधीही या, फक्त गाडी फाटकासमोर लावू नका.