एकशेसत्तावीस

भुईगावात त्याचं खरं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण हाक मारतात ‘एकशेसत्तावीस’. मुंबईत कुठल्याशा कंपनीचे लिनक्स सर्व्हर सांभाळायचे, पहाटे वसईहून चर्चगेट लोकल पकडायची आणि ‘काम झालं नाही’ एवढ्यावर कुणालाही सोडायचं नाही, असा हा गडी. झालं नाही म्हणजे नेमकं कसं झालं नाही? शेलसुद्धा सांगतो, मग तुला सांगायला काय होतं?

शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा घेऊन त्या चालवणारा दुभाषा, सांगतो हे खरं. प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवून जातो. शून्य म्हणजे सगळं ठीक. शून्यावर मार खाल्लेल्या पिढीला हे पचायला जरा वेळ लागला. बाकीचे आकडे म्हणजे नापास होण्याचे प्रकार. त्या नावाची आज्ञाच सापडली नाही तर १२७. सापडली, पण चालवता आली नाही, बहुधा परवानगी नाही म्हणून, तर १२६.

वाडीतला पंप दुरुस्त करणारा आलाच नाही: १२७. आला, पण पाना विसरून: १२६. दाखल्याविना परतलेल्या शेजाऱ्याची तर उलटतपासणीच झाली. साहेब खुर्चीत नव्हते, की होते आणि सहीचा अधिकार नव्हता? ‘होते, पण जेवत होते,’ म्हटल्यावर एकशेसत्तावीस बराच वेळ गप्प.

बाहेरून सिग्नल येऊन प्रोग्रॅम मेला, तर बॅश नावाचा शेल १२८ मध्ये सिग्नलचा नंबर मिळवतो. बायकोची ‘जेवायला चल’ ही हाक त्याच्या हिशेबी २ नंबरची, म्हणजे कंट्रोल-सी. ती कानाआड करायची मुभा प्रोग्रॅमला असते, तशी हाही घेतो. आईची हाक मात्र ९ नंबरची. ती अडवायची सोय युनिक्सनेही ठेवलेली नाही. ‘एकशेसदतीस,’ पुटपुटत तो निमूट ताटावर येतो.

बॅश म्हणजे ‘बोर्न अगेन शेल’. ब्रायन फॉक्सने १९८९ मध्ये आणलेल्या शेलच्या नावात स्टीफन बोर्नच्या जुन्या शेलवर केलेली कोटी. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात हा ‘आपण बोर्न अगेनवाले’ म्हणाला, तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी तडक फादरना गाठलं.

आकडा विचारायचा तो ताबडतोब. पुढची आज्ञा चालली की जुना पुसून तिचा आकडा बसतो. म्हणून मुलाखत देऊन आलेल्या पोराला तो रिक्षातून उतरूच देत नाही. घरी जाऊन चहा प्यायला, तर हाती लागेल तो चहाचा निकाल!

त्यात हा आकडा आठ बिटांचा, ० ते २५५. २५६ सांगून निघालेला प्रोग्रॅम शेलला शून्य दिसतो. हे कानावर पडताच भाच्याने विचारलं, ‘मामा, म्हणजे दोनशे छप्पन चुका केल्या तर पास?’

एकशेसत्तावीसला खोटं बोलता येत नाही. ‘बॅशमध्ये, हो.’

भाचा तेव्हापासून मन लावून गणितं करतोय. दोनशे दहापर्यंत आलाय.