शिंकेचे मानकरी

प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असे असतात की त्यांची शिंक ही त्यांची खासगी बाब राहिलेली नसते. आमच्याकडे हा मान भाऊसाहेबांचा. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त, मुक्काम तिसरा मजला. डिसेंबरात ट्रंकेतले स्वेटर निघाले आणि डांबराच्या गोळ्यांचा वास जिन्यात उतरला, की समोरच्या इमारतीतलेसुद्धा खिडक्या लावून घेतात. शिंकेची पूर्वतयारी मोठी. चष्मा काढायचा, पेपर बाजूला ठेवायचा, डावा तळवा वर करायचा. म्हणजे घरातल्यांनी बोलणं थांबवायचं. मग स्फोट. आणि त्यापाठोपाठ दुसरा अंक: उजवा हात छातीच्या डाव्या बाजूला, डोळे छताकडे आणि हाक, "अगं, गेलो!"

आतून वहिनींचा आवाज येतो, "जेवून जा. पोळ्या होतायत."

शिंकताना भाऊसाहेबांच्या छातीत कळ येते, हे खोटं नाही. तळमजल्यावरच्या आजींनी पहिल्याच दिवशी निदान केलं होतं, "चमक भरली असेल, ओव्याची पुरचुंडी करून शेका." भाऊसाहेबांना ते लागलं. ज्याने हयातभर धरणांच्या भिंती तपासल्या त्याला काय चमक भरते? चमक पाणी भरणाऱ्याला भरते, क्लार्कला भरते. अधिकाऱ्याच्या छातीत दुखलं तर ते हृदयच असलं पाहिजे.

म्हणून ते गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ताप आहे का, खोकला आहे का, प्रत्येक श्वासाला टोचतं का, धाप लागते का, असं विचारून घेतलं. फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली तरीही शिंकताना असंच दुखतं, म्हणून. भाऊसाहेबांनी सगळ्याला नाही म्हटलं. मग डॉक्टरांनी एक बोट उरोस्थीच्या कडेला टेकवून दाबलं.

"आई गं!"

"इथंच दुखतं ना शिंकताना? अगदी हेच दुखणं?"

"हेच!"

"मग हे हृदय नसावं."

एवढा अपमान त्यांचा खात्यातही झाला नव्हता. डॉक्टरांनी समजावलं. बरगड्यांच्या 12 जोड्या, त्यांतल्या वरच्या 7 कूर्चेने थेट उरोस्थीला जोडलेल्या, मधे स्नायू. शिंकेआधी आपण छाती भरून हवा घेतो, घशाचं दार क्षणभर मिटतं, पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू आवळतात आणि सगळा दाब एकदम सुटतो. सर्दीत दिवसभर हेच चाललं तर स्नायू आखडतात, सांधे सुजतात. शेक घ्या, लागली तर पॅरासिटामॉल घ्या, जड उचलू नका, काही दिवसांत उतरेल. फी दिली, पण मन भरलं नाही. घरी येऊन मोबाइलवर शोधताना त्यांना टीत्से नावाचा जर्मन सर्जन सापडला. त्याने 1921 साली बरगडीच्या कूर्चेवर सूज येणाऱ्या दुखण्याचं वर्णन केलं होतं. तेव्हापासून भाऊसाहेब रोज आंघोळीनंतर आरशासमोर टेप घेऊन सूज मोजतात. सूज नाही. नोंदवही मात्र आहे.

मधे त्यांनी शिंक दाबण्याचा मार्ग काढला. सोसायटीच्या वार्षिक सभेत नाक चिमटीत, तोंड गच्च, चेहरा जांभळा. वाटलं, थकबाकीदारांची यादी ऐकून झालं असेल. त्यांची सून डॉक्टर आहे. तिने त्या रात्री इंग्लंडातल्या लेस्टरच्या एका 34 वर्षांच्या माणसाची हकीकत सांगितली. त्याने अशीच शिंक कोंडली आणि घसा आतून फाटला. 2018 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. वर म्हणाली, "बाबा, पूर आलेला असताना सांडव्याचे दरवाजे बंद करून बसणाऱ्याला तुम्ही काय म्हणाला असता?" भाऊसाहेबांनी त्याला मेमो दिला असता. तोंड उघडं ठेवून शिंकायचं, शिंकताना उशी छातीशी घट्ट धरायची, हे तिनेच शिकवलं. बायपासनंतर उरोस्थी शिवलेल्या रुग्णांनाही खोकताना, शिंकताना अशीच उशी कवटाळायला सांगतात, हेही तिने सहज सांगितलं. ते सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून भाऊसाहेब उशी घेऊन हिंडू लागले. बागेत, बँकेत, एका साखरपुड्यात. ऑपरेशन न करता ऑपरेशनची प्रतिष्ठा मिळवणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

पण या जातीच्या माणसाची खरी गंमत जिन्यात कळते. लिफ्ट बंद असली की हेच भाऊसाहेब दुसऱ्या मजल्यावर थांबतात आणि तिथली जुनी नोटीस पुन्हा वाचतात. कपाळावर घाम, एक हात जबड्यावर. छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, "गॅस. काल वाटाण्याची उसळ जरा जास्त झाली." थोडं थांबलं की बरं वाटतं. ज्याला चमकेसाठी हृदयरोगतज्ज्ञ हवा असतो, त्याला इथे हिंगाष्टक पुरतं. आपल्याकडे पुरुषमाणसाच्या छातीतलं निम्मं दुखणं असं उसळीच्या नावावर खपतं.

वहिनींचा हिशेब मात्र पक्का होता. "हे ओरडतात तोवर मी पोळ्या लाटते," त्या म्हणायच्या. "गप्प बसले की गॅस बंद करते."

एका संध्याकाळी भाऊसाहेब खुर्चीत गप्प बसले. घाम, मळमळ, डावा खांदा जड. "झोपतो जरा," म्हणाले. वहिनींनी गॅस बंद केला आणि 108 ला फोन लावला. इस्पितळात पहिला ईसीजी बरा आला, तर हे उठून चप्पल शोधू लागले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना निजवलं, रक्त तपासायला पाठवलं आणि थोड्या वेळाने ईसीजी पुन्हा काढला. आता तो बरा नव्हता.

"पण दाबलं तर दुखत नाहीये!" भाऊसाहेब पुराव्यानिशी भांडत होते.

"म्हणूनच तर," बाई म्हणाल्या.

मनगटातून नळी घालून रात्रीच स्टेंट बसवला. भाऊसाहेब ठणठणीत आहेत. आता जिना न थांबता चढतात, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या नोटिशीला वाचक उरलेला नाही. भेटायला जाणाऱ्याला वहिनी चहा देतात आणि स्टेंटचं विचारलं की भाऊसाहेब हात झटकतात. "त्याचं काय एवढं? मला तर कळलंसुद्धा नाही." मग उशी मांडीवर ओढून खुर्ची जवळ घेतात. "पण तिथे आयसीयूत तिसऱ्या दिवशी मला जी शिंक आली ना..."